मजकूर तोच, फाइल दुसरी

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्यात, ज्याच्या नावावर चार-पाच एकर कपाशीचे रान आहे, त्याने २०१७ पासून आपल्या जमिनीची नोंद तीनदा नव्याने मांडली जाताना पाहिली. १५ सप्टेंबर २०१७ ला तेलंगणा सरकारने राज्यभरच्या भूनोंदी तपासून साफ करण्याची मोहीम काढली. तिच्यातून निघालेली नवी पट्टादार पासबुके १० मे २०१८ पासून, ‘रयतू बंधू’ योजनेच्या पहिल्या धनादेशांसोबत, वाटली गेली. २९ ऑक्टोबर २०२० ला ‘धरणी’ पोर्टल सुरू झाले आणि खरेदीखत व फेरफार एकाच बैठकीत तहसीलदारांसमोर होऊ लागले. मग सरकार बदलले, धरणीवरचे आक्षेप निवडणुकीच्या सभांत आलेलेच होते, आणि १४ एप्रिल २०२५ ला तिच्या जागी ‘भू भारती’ आली.

या उलथापालथीत बहुसंख्य खातेदारांचा मजकूर बदलला नाही. सर्व्हे नंबर तोच, क्षेत्र तेच, नाव तेच. बदलले ते मजकुराच्या आजूबाजूचे. जुन्या ‘पहाणी’ या नोंदपत्रात प्रत्यक्ष कसणाऱ्याचा, म्हणजे अनुभवदाराचा, रकाना असे; नव्या नोंदीत तो राहिला नाही. त्या रकान्यामुळे मालकाच्या हक्काला नाहक फाटे फुटतात, ही सरकारची बाजू. कौलाने जमीन करणाऱ्याचा कागदावरचा एकमेव मागमूस त्यामुळे पुसला गेला, ही टीकाकारांची. चूक दुरुस्त कोणी करायची, हेही बदलले. गावपातळीवरच्या महसूल अधिकाऱ्यांची पदे सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली, दुरुस्तीचे बहुतेक अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ लागले, आणि अपिलाच्या पायऱ्या परत यायला भू भारतीचा कायदा यावा लागला.

धरणीत हे सगळे ठरवून झाले. विधानसभेत कायदा झाला, त्यावर भांडणे झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. संगणकात मात्र अगदी हीच गोष्ट दिवसातून हजार वेळा होते आणि तिथे कोणी काहीच ठरवलेले नसते. एखादा प्रोग्राम फाइल नव्याने लिहितो, मजकूर बिनचूक उतरतो, आणि ती फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची हे ठरवणाऱ्या परवानग्या वाटेत गळून पडतात. गंमत अशी की ही गळती निष्काळजी प्रोग्रामपेक्षा काळजीपूर्वक लिहिलेल्या प्रोग्राममध्ये जास्त आढळते. ती का, हे समजायला आधी काळजी कशाची घ्यायची ते पाहावे लागते.

‘सेव्ह’ म्हटल्यावर जुन्या मजकुराच्या जागी नवा मजकूर बसतो, अशी आपली समजूत असते. साध्या पद्धतीने लिहिणारा प्रोग्राम प्रत्यक्षात फाइल उघडतानाच ती रिकामी करतो. लांबी शून्य. त्यानंतर तो लिहू लागतो. या दोन कृतींच्या मधे वीज गेली, डिस्क भरली किंवा प्रोग्रामच कोसळला, तर जुने गेलेले असते आणि नवे आलेले नसते. वीज लिहिता लिहिता गेली तर अर्धे नवे उरते, आणि ते रिकाम्या फाइलीपेक्षा वाईट, कारण पहिली दोनशे नावे जागच्या जागी दिसल्यावर यादी पूर्णच आहे असे कोणीही धरून चालतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत हा तुटकेपणा अक्षराच्या पोटातही शिरतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘की’मधला क तीन आणि वेलांटी तीन, असे सहा. डिस्ककडे मजकूर बहुधा ४०९६ बाइटांच्या तुकड्यांनी जातो, आणि ४०९६ ला तीनने भाग जात नाही. निव्वळ देवनागरी मजकुराच्या अशा एका तुकड्यात १३६५ चिन्हे पुरी बसतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाइट. लेखन नेमके तिथे तुटले, तर फाइलीच्या शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उरते. याउलट आदिलाबादच्या नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी मिळालेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी घ्या. ती जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत दाखल झाली, आणि उशिरा आल्यामुळे तिला जागा मिळाली ती चार बाइटांच्या पट्ट्यात. ४०९६ ला चारने पूर्ण भाग जातो. तेव्हा निव्वळ गुंजाळा गोंडीत लिहिलेली फाइल तुकड्याच्या टोकाला तुटली तरी अक्षर दुभंगणार नाही. शब्दांमधली पहिली मोकळी जागा आली की हा हिशेब बिघडतो ते वेगळे.

शून्य लांबीच्या फाइली ही नुसती शक्यता नाही. २००९ च्या सुरुवातीला उबुंटूच्या येऊ घातलेल्या आवृत्तीवर ईएक्सटी४ ही नवी फाइलप्रणाली तपासून पाहणाऱ्यांना त्या दिसल्या. संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला की केडीई या डेस्कटॉपच्या मांडणीच्या कित्येक फाइली रिकाम्या निघत. आधीच्या ईएक्सटी३ मध्ये लिहिलेले साधारण पाच सेकंदांत डिस्कवर जाई. ईएक्सटी४ वेग वाढवण्यासाठी ते बराच वेळ, मिनिटभरसुद्धा, स्मृतीतच रोखून धरी. ईएक्सटी४ चे प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे की फाइलप्रणाली नियमाप्रमाणेच वागते आहे. मजकूर डिस्कवर गेलाच पाहिजे असे ज्याला वाटते त्याने तसे स्पष्ट सांगावे, त्यासाठी ‘एफसिंक’ नावाची सोय आहे. वापरणाऱ्यांचे म्हणणे असे की नियम काहीही असो, काल चालत होते ते आज चालले पाहिजे. वादात दोघेही बरोबर होते, अशातला हा प्रकार. लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीत ईएक्सटी४ ला थोडी माघार घ्यायला लावून तो मिटवण्यात आला.

जाणत्या प्रोग्रामरांची रीत त्याआधीपासून वेगळी होती. मूळ फाइलीला हात लावायचा नाही. शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, दुसऱ्या नावाची तात्पुरती फाइल करायची. सगळा मजकूर तिच्यात लिहायचा. एफसिंक करून तो खरोखर डिस्कवर गेला याची खात्री करायची. आणि मग एका झटक्यात तात्पुरत्या फाइलीचे नाव बदलून मूळ नाव द्यायचे. हे नामांतर अखंड असते: ते एकतर पूर्ण होते किंवा होतच नाही. त्या नावाने फाइल उघडणाऱ्याला जुनी पुरी मिळते किंवा नवी पुरी मिळते, अर्धीमुर्धी कधीच मिळत नाही. यासाठी लागणारी ‘रिनेम’ ही आज्ञा १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये आली. त्याआधी एक नाव जोडा, दुसरे तोडा, अशा दोन पावलांनी हे करावे लागे आणि त्या दोन पावलांच्या मधे घात व्हायला जागा असे.

तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये का? कारण रिनेम एका फाइलप्रणालीच्या आतच चालते. मजकूर एका डिस्कवर आणि नाव दुसरीवर असे झाले की ती नकार देते आणि प्रोग्राम मुकाट्याने नक्कल करायला लागतो. म्हणजे पुन्हा पहिला पाढा. फोल्डरलाही एफसिंक करावे लागते, कारण नवे नाव फोल्डरच्या यादीत नोंदले जाते. इतक्या बारकाव्यांत चुका होणारच. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अकरा नामांकित प्रोग्राम या दृष्टीने तपासले तेव्हा वीज गेल्यास मजकूर बिघडू शकेल अशा साठ जागा त्यांना सापडल्या. त्या अकरांत मजकूर राखणे हेच ज्यांचे काम, असे डेटाबेससुद्धा होते.

आता परवानग्यांकडे येऊ.

युनिक्स आणि त्याच्या वंशातल्या लिनक्स, मॅकओएस वगैरे प्रणालींत फाइलीचे नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव फोल्डरच्या यादीत असते. फाइल म्हणजे डिस्कवरची एक क्रमांकित नोंद; तिला आयनोड म्हणतात. मालक कोण, गट कोणता, कोणाला वाचायची, लिहायची, चालवायची मुभा, हे सगळे आयनोडला चिकटलेले असते, नावाला नाही. आदिलाबादच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर हा अनुसूचित क्षेत्राचा मुलूख. तिथे १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम, १९७० च्या दुरुस्तीसह, लागू आहे. लोक त्याला नुसते ‘एक सत्तर’ म्हणतात. आदिवासीतराच्या नावे जमीन करता येत नाही, ही अट त्यात जमिनीला लागलेली आहे. पासबुकावर नाव कोणाचे आणि पासबुक कितव्यांदा छापले, याने तिला फरक पडत नाही.

रिनेमच्या युक्तीत मात्र जमीनच बदलते. जुन्या नावाखाली नवा आयनोड येतो. त्याला जुन्याची काही माहिती नसते; जन्मताना जे मिळाले ते घेऊन तो आलेला असतो. मालक म्हणून ज्याने प्रोग्राम चालवला तो, गट त्याचा, आणि परवानग्या त्या यंत्रावर ठरलेल्या सर्वसाधारण. बहुतेक ठिकाणी त्या ६४४ असतात: मालकाने वाचावे-लिहावे, बाकी झाडून सगळ्यांनी वाचावे. हे आकडे अष्टमान पद्धतीचे, वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, आणि त्यांची बेरीज. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा.

समजा, एखाद्या मंडल कार्यालयाच्या सर्व्हरवर अनुदानाच्या लाभार्थ्यांची यादी आहे. नाव, पासबुक क्रमांक, बँक खाते. फाइलीच्या परवानग्या ६४०, म्हणजे मालकाला वाचायला-लिहायला, हिशेबाच्या गटाला वाचायला, बाकीच्यांना काही नाही. एका कर्मचाऱ्याने एक खाते क्रमांक दुरुस्त केला. प्रोग्राम काळजीवाहू, त्याने तात्पुरती फाइल केली, एफसिंक केले, नाव बदलले. दुरुस्ती बिनबोभाट झाली, दुसऱ्या दिवशी पैसेही गेले. फक्त फाइल आता ६४४ आहे. त्या सर्व्हरवर ज्याचे ज्याचे खाते आहे, मग तो दुसऱ्या खात्याचा कंत्राटी ऑपरेटर का असेना, त्या प्रत्येकाला ती उघडते. तक्रार येत नाही, कारण बिघडलेले काहीच दिसत नाही. मजकूर बिघडला की माणूस ओरडतो. परवानगी सैल झाली की ओरडायला कोणी नसते.

उलटेही होते. तात्पुरती फाइल करणाऱ्या चांगल्या सोयी तिला मुद्दाम ६०० परवानगी देतात, म्हणजे मालकाशिवाय कोणालाच काही नाही. हे शहाणपणाचेच आहे, कारण अर्धवट मजकूर दुसऱ्याच्या नजरेला पडू नये. पण नाव बदलताना तेच ६०० कायम राहिले तर हिशेबाच्या गटाला फाइल उघडेनाशी होते, संकेतस्थळाचे पान असेल तर वेबसर्व्हर वाचकाला ‘मनाई’ म्हणून परत पाठवतो. हा प्रकार तरी बरा, लगेच फोन येतो. काही प्रोग्राम तर स्वतःच अडून बसतात. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएचची खासगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर तो ती वापरायलाच नकार देतो आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा छापतो. परवानगी हा फाइलीच्या मजकुराइतकाच तिचा भाग आहे, हे ओळखून वागणारे असे प्रोग्राम थोडे आहेत.

मग नीट कसे करायचे? त्याचा चांगला नमुना जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकात आहे. सी-डॅकने डेबियनवर बेतलेल्या आणि मराठीतही चालणाऱ्या ‘बॉस’ या भारतीय प्रणालीतही तो आहे. वापरकर्ता आपला पासवर्ड बदलतो तेव्हा पासवर्डाची गुप्त रूपे ठेवणारी ‘शॅडो’ नावाची फाइल नव्याने लिहावी लागते. ती अर्धी लिहिली गेली तर पुष्कळांना संगणकात शिरता येणार नाही; आणि क्षणभर जरी सगळ्यांना वाचता आली तर कोणीतरी तिची नक्कल करून घेईल. हे काम करणारा, वापरकर्त्याची ओळख पटवणाऱ्या ‘पॅम’ या व्यवस्थेचा भाग आधी स्वतःवर कडक मर्यादा घालतो, की मी जी फाइल करीन ती मालकाखेरीज कोणाला दिसू नये. मग ‘एनशॅडो’ नावाची तात्पुरती फाइल करतो. लगेच जुनी शॅडो उघडून तिचा मालक, गट आणि परवानग्या वाचतो. आधी नव्या फाइलीला तोच मालक आणि गट देतो, मग त्याच परवानग्या. एवढे झाल्यावर एकेक ओळ उतरवायला घेतो आणि ज्याचा पासवर्ड बदलायचा त्याची ओळ तेवढी नवी घालतो. शेवटी एफसिंक, शेवटी रिनेम.

या क्रमाला कारणे आहेत. सैल परवानगीची फाइल करून ती मजकुरानंतर आवळली तर चालत नाही, कारण प्रणाली परवानगी तपासते ती फाइल उघडण्याच्या क्षणी. सैल परवानगीच्या अर्ध्या सेकंदात कोणी फाइल उघडून ठेवली की नंतर कितीही आवळा, त्याचे वाचन चालूच राहते. मालक परवानग्यांच्या आधी द्यावा लागतो, कारण मालक बदलला की लिनक्स काही विशेष परवानग्या सुरक्षेसाठी आपण होऊन काढून टाकते. आधी दिलेल्या असल्या तर वाया जातात.

आकड्यांच्या परवानग्या हा पुन्हा पृष्ठभागच. हिशेबाच्या गटाला वाचू द्या, शिवाय लेखापरीक्षकालाही, पण त्या गटातल्या अमुक एकाला नको, असल्या अटींसाठी वेगळी यादी फाइलीला जोडता येते. तिला एसीएल म्हणतात. एसईलिनक्ससारखी सुरक्षाव्यवस्था असेल तर फाइलीवर तिचे लेबल असते. ही सगळी बिऱ्हाडे नव्या आयनोडवर हलवावी लागतात. एखादे राहिलेच तर प्रोग्राम सांगत नाही.

आणि काही वेळा हलवताच येत नाहीत. फाइल दुसऱ्याच्या मालकीची करण्याचा अधिकार लिनक्समध्ये फक्त ‘रूट’ला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याला असतो. गटातल्या सहकाऱ्याने फाइल दुरुस्त केली आणि त्याच्या प्रोग्रामने रिनेमची युक्ती वापरली, तर मालक सहकारीच होणार. प्रोग्राम कितीही सज्जन असला तरी. अशा वेळी मूळ आयनोड राखायचा असेल तर जुन्या, धोक्याच्या पद्धतीने जागेवरच लिहावे लागते आणि आधी प्रत काढून ठेवावी लागते. ब्रॅम मोलेनार यांचा ‘विम’ हा मजकूर-संपादक १९९१ पासून प्रोग्रामरांच्या हातात आहे. दोन्हींतली कोणती पद्धत वापरायची यासाठी त्यात एक स्वतंत्र मांडणीच आहे. ती ‘ऑटो’वर ठेवली की विम आधी पाहतो, नवी फाइल केल्याने मालक-परवानग्या किंवा जोडलेली दुसरी नावे बिघडतील का. बिघडणार असतील तर तो जागेवर लिहितो. एका संपादकाला हे ठरवावे लागते यातच कळते की दोन्ही हेतू एकदम साधणारा मार्ग लिनक्सने आयता दिलेला नाही.

या युक्तीचा सगळ्यात चकवणारा परिणाम अजून सांगायचा आहे. नाव फोल्डरच्या यादीत असते, त्यामुळे रिनेमला फाइलीवर लिहिण्याची परवानगी लागतच नाही. फोल्डरवर लिहिण्याची लागते. म्हणजे ‘फक्त वाचा’ अशी खूण केलेली, दुसऱ्याच्या मालकीची फाइल, तिच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा असलेला कोणीही बदलून टाकू शकतो. रजिस्टर सील केले आणि कपाट सताड उघडे ठेवले, तर सील न मोडता रजिस्टर उचलून त्याच जागी त्याच नावाचे दुसरे ठेवता येईल, तसे. मजकुरात शोधा-आणि-बदला करणारी ‘सेड’ ही आज्ञा अशाच रीतीने ‘फक्त वाचा’ फाइलींना सहज बदलते. नवख्याला तो दोष वाटतो, पण ती प्रणालीच्या नियमांची सरळ निष्पत्ती आहे. सर्वांना खुल्या असलेल्या ‘टीएमपी’ फोल्डरवर म्हणूनच एक जादा खूण असते, की ज्याची फाइल त्यानेच हलवावी.

परवानग्या सांभाळण्याच्या नादात त्या उधळल्या गेल्याचेही उदाहरण आहे. जावास्क्रिप्टच्या जगात जोडभाग आणून बसवणारा ‘एनपीएम’ हा प्रोग्राम जगभर वापरला जातो. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याची ५.७.० ही आवृत्ती आली. रूटच्या अधिकाराने चालवल्यावर आपण केलेले फोल्डर रूटच्या नावावर राहू नयेत, साध्या वापरकर्त्याच्या नावावर यावेत, असा चांगला हेतू ठेवून तिच्यात मालकी दुरुस्त करणारा भाग घातला होता. तो थांबायचे कुठे ते विसरला. आपण केलेल्या फोल्डरांबरोबर तो प्रणालीच्या मुळाशी असलेल्या फोल्डरांचीही मालकी बदलू लागला, आणि काही जणांचे सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून बसवण्याच्या स्थितीला आले. ५.७.१ ही दुरुस्त आवृत्ती लगोलग काढावी लागली. त्या फाइलींच्या मजकुराला धक्काही लागला नव्हता.

मालकीत आणखी एक खाचखळगा असतो, आणि तो आदिलाबादच्या इतिहासाच्या आधाराने चांगला समजतो. ११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. कार्यालये विभागली, दप्तरे विभागली. आता अशी कल्पना करा की एका सर्व्हरवरच्या फाइली नव्या जिल्ह्याच्या सर्व्हरवर परवानग्यांसकट, अगदी काळजीपूर्वक नकलून नेल्या. आयनोडमध्ये मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. जुन्या यंत्रावर १००४ म्हणजे हिशेबनीस. नव्या यंत्रावर १००४ हा क्रमांक ज्याचे खाते चौथे का पाचवे उघडले त्याला मिळालेला, आणि तो शिकाऊ उमेदवारही असू शकतो. नकलेत काहीच चुकलेले नाही, तरी फाइली भलत्याच्या झाल्या. म्हणून नक्कल करणाऱ्या ‘आरसिंक’सारख्या साधनांत नावाने जुळवायचे की क्रमांकाने, असा पर्याय असतो. एकाच यंत्राची प्रत परत त्याच यंत्रावर बसवायची तर क्रमांक बरे. यंत्र दुसरे असेल तर नावे, आणि तीही दोन्हीकडे सारखीच आहेत हे पाहून.

सरकारी टेबलांवर विंडोज जास्त, तेव्हा तिकडेही डोकावले पाहिजे. ‘वर्ड’मध्ये काम करताना फोल्डरमध्ये विचित्र नावांच्या फाइली उगवतात आणि मावळतात, कारण वर्डही सेव्ह करताना शेजारी नवी फाइल लिहून तिचे नाव बदलतो. इथे विंडोजने युनिक्सपेक्षा बरे काम केले आहे, हे मान्य करावे लागते. तिच्यात ‘रिप्लेसफाइल’ नावाची एकच आज्ञा आहे: नवा मजकूर घ्या आणि जुन्या फाइलीची परवानग्यांची यादी, तयार झाल्याची तारीख, एन्क्रिप्शन वगैरे तिच्यावर चढवा. तरी विंडोजचा स्वतःचा चकवा आहेच. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये ‘कॉपी’ केली तर ती त्या फोल्डरच्या परवानग्या घेते. त्याच डिस्कवर ‘मूव्ह’ केली तर जुन्याच घेऊन जाते. गुप्त फोल्डरमधून सामायिक फोल्डरमध्ये ओढून आणलेली फाइल सहकाऱ्यांना उघडत का नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

धरणी किंवा भू भारतीसारख्या व्यवस्थेतले लाखो खातेदार अर्थातच अशा सुट्या फाइलींत नसतात. ते डेटाबेसमध्ये असतात, आणि डेटाबेस बदल करण्याआधी बदलाची नोंद वेगळ्या वहीत करून ठेवतो, त्यामुळे वीज गेली तरी पुढे किंवा मागे जाता येते. कोण काय करू शकतो याचे नियमही तिथे डेटाबेसच सांभाळतो. पण तो डेटाबेसही शेवटी फाइलींवरच उभा असतो. पोस्टग्रेस हा नावाजलेला डेटाबेस आपल्या मजकुराच्या फोल्डरच्या परवानग्या गरजेपेक्षा सैल दिसल्या तर सुरूच होत नाही. शिवाय डेटाबेसमधून रोज काढल्या जाणाऱ्या याद्या, बँकेला पाठवायच्या तक्त्यांच्या फाइली, राखीव प्रती ही सगळी सुटी फाइलींचीच प्रजा, आणि खाते क्रमांक बाहेर फुटतात ते बहुधा तिच्यातून.

आपला संपादक कोणत्या जातीचा आहे हे लिनक्सवर कोणालाही तपासता येते. एक फाइल करायची, तिच्या परवानग्या ६४० ठेवायच्या आणि फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेला आयनोडचा क्रमांकही दाखवायला सांगायचे. मग त्या संपादकात फाइल उघडून एखादे अक्षर बदलायचे, सेव्ह करायचे आणि यादी पुन्हा पाहायची. क्रमांक तोच असेल तर त्याने जागेवर लिहिले. क्रमांक बदलला असेल तर फाइल दुसरी आहे. मग डावीकडचा परवानग्यांचा स्तंभ, मालक आणि गट आधीच्या ओळीशी ताडून पाहायचे. परवानग्यांच्या शेवटी आधी अधिकचे चिन्ह होते आणि आता नाही, असे दिसले तर जोडलेली एसीएल यादी त्या एका अक्षराच्या दुरुस्तीत गेलेली आहे.